आजीचा एक्स-रे आणि माझी जीटी

जीटी म्हणजे काय, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायची गरज नाही. स्टाफसाठी सांगते (त्यांना माहीत नसेल असं समजून). खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर मैत्रिणीची शीट आणि त्यावर आपली कोरी शीट. ग्लास ट्रेसिंग. फर्स्ट इयरला मी दोन शीट अशा मारल्या. कोणत्या, ते इथे छापायला देत नाही. तिसरी जीटी मारली टीईला आल्यावर, आणि ती होती माझ्या आजीच्या कमरेची.

आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ५९ ला मी अजून फिफ्टी-नाइन म्हणते, नाहीतर एकोणसाठ की एकोणसत्तर यात मिनिटभर जातं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. रूममेट मराठी मीडियमची आहे, तिने अर्ध्या चुका काढल्यात. 'पेल्व्हिस'ला 'श्रोणी' म्हणतात हेही तिनेच सांगितलं. आमच्या शाळेत बायोलॉजीच्या पुस्तकातलं ते पान बाईंनी दोन बोटांनी उचलून पलटलं होतं आणि 'रीड इट ॲट होम' म्हणून पुढचा धडा सुरू केला होता. घरी कुणी वाचलं नाही.

तर झालं असं. पावसाळ्यात आजी साताऱ्याला मागच्या अंगणात शेवाळावरून घसरली आणि डाव्या कुशीवर पडली. खुबा मोडला. खुबा मोडला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मोडलेली असते मांडीच्या हाडाची वरची मान, जिच्या टोकाला तो गोळा असतो. डॉक्टरांनी तो गोळा काढून तिथे धातूचा बसवला. आजी लवकरच वॉकर धरून उभी राहिली आणि डॉक्टरांना 'तुमचं गुडघ्याचं बघा, चालताना आवाज येतो' असंही म्हणाली. पण घरी सोडताना हातात एक कागद मिळाला. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. आजीने कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "मग विळीवर कशी बसू?"

विळीवर बसलेल्या आजीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. तिचे फोटो आहेत ते लग्नातले, खुर्चीवर, हात गुडघ्यांवर ठेवून. विळीवर बसलेल्या बाईचा फोटो कोण काढतं? मी ठरवलं, आपण चित्र काढायचं. इंटरमीजिएटला ए ग्रेड आहे, काय अवघड आहे! आठ-दहा स्केच काढली. चेहरा जमला, हात जमले, विळीचं पातं तर झकास. पण प्रत्येक चित्रात आजी कमरेखाली धान्याच्या पोत्यासारखी. लुगड्याच्या घड्या घालून झाकायला गेले, तर पोत्याला घड्या पडल्या. रूममेट म्हणाली, "तुझी आजी बसलेली नाही, ठेवलेली आहे." झोंबलं, पण खरं होतं.

लुगड्याच्या आत काय आहे ते कळल्याशिवाय लुगडं नीट पडणार नाही, असं वाटलं. म्हणून घरी गेले तेव्हा आजीचा ऑपरेशनच्या आधीचा एक्स-रे मागून घेतला. "ने, मला काय लोणचं घालायचंय त्याचं," आजी म्हणाली. आणि मग ती जीटी. रात्री दीडला पाणी भरायला उठलेल्या एका ज्युनिअरने उघड्या दारातून काचेवर चकाकणारी ती पांढरी फुलपाखरासारखी हाडं पाहिली आणि बाटली तिथेच टाकून पळाली. तिची या निमित्ताने जाहीर माफी मागते.

ट्रेस केलेल्या हाडांवर मी आजीचं डोकं बसवलं, तिच्या खऱ्या डोक्याच्या मापाने. कंबर अवाढव्य दिसायला लागली. पहिली शंका आली आजीवर, दुसरी टेपवर. शेवटी लक्षात आलं की एक्स-रे म्हणजे फोटो नव्हे, सावली आहे. नळी साधारण १०० सेंटिमीटर वर, फिल्म पाठीखाली, आणि हाड फिल्मपासून बरंच उचललेलं. समजा १३ सेंटिमीटर. मग समरूप त्रिकोणांनी १०० भागिले ८७, म्हणजे हाड सुमारे १५ टक्के मोठं दिसणार. खुब्याच्या एक्स-रेत १५ ते २० टक्के वाढ नेहमीचीच असते, आणि धातूच्या गोळ्याचं माप ठरवताना डॉक्टर ती वजा करतात. माझ्या शीटवर स्केल लिहिलेलंच नव्हतं. ईडीच्या सरांनी याच कारणावरून माझी एक शीट फाडायला आणली होती, ते आठवलं.

माप सुधारलं, तरी चित्र चपटंच. म्हणून रविवारी मिरजेला गेले. तिथे माझी आतेबहीण, ताई, मेडिकलला आहे. तिच्याकडे सीनिअरकडून घेतलेला बोन सेट आहे, जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून कॉटखाली ठेवलेला. तिने त्यातून खुब्याचं एक हाड काढून माझ्या हातात दिलं. वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं. वरची कड गुळगुळीत, झिजलेल्या पायरीसारखी. ताई म्हणाली, "जपून. हे कुणाचं तरी आहे." मग आम्ही दोघी थोडा वेळ गप्पच बसलो.

या हाडाची गंमत म्हणजे शेकडो वर्षं त्याला धड नाव नव्हतं. लॅटिनमध्ये त्याला 'बिननावाचं हाड' असंच म्हणायचे, कारण ते कशासारखंच दिसत नाही. लहानपणी ती तीन वेगळी हाडं असतात. वर पसरलेलं इलियम, खाली मागे इस्कियम, खाली पुढे प्युबिस. तिन्ही जिथे मिळतात तिथे एक खोल वाटी असते आणि मांडीचा गोळा त्या वाटीत फिरतो. मोठेपणी तिन्ही जुळून एक होतात. अशी दोन हाडं, मागे त्यांच्यामध्ये पाचर मारल्यासारखं त्रिकास्थी (पाच मणके एकत्र जुळलेले), आणि त्याच्या टोकाला माकडहाड. झालं पेल्व्हिस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ पसरट भांडं, आपली परात म्हणा.

आणि या परातीनेच माझा घात केला होता. परात म्हटलं की ती आपण जमिनीवर सपाट ठेवतो. मी टेबलावर हाड ठेवलं तेही तसंच, बुडावर, तोंड आकाशाकडे. ताई हसली. तिने ते हाड उचलून भिंतीला लावलं. हाडाच्या पुढच्या बाजूला वर एक टोक असतं, पोटाच्या दोन्ही बाजूंना हाताला लागतं ते. आणि खाली पुढे, ओटीपोट संपतं तिथे, प्युबिसचं टोक. ताईने दोन्ही टोकं एकाच वेळी भिंतीला टेकवली. "माणूस सरळ उभा असतो तेव्हा ही दोन्ही एका उभ्या पातळीत असतात. व्हायव्हाला हेच विचारतात." हाड केवढं पुढे कललं! परातीत पाणी असतं तर सगळं पुढे सांडलं असतं.

आता आपल्या भाषेत. परातीच्या आतल्या तोंडाची जी पातळी, ती उभ्या माणसात जमिनीशी साधारण ५० ते ६० अंशांचा कोन करते. मागचा काठ वर, पुढचा खाली. बायकांमध्ये या तोंडाची आडवी रुंदी सुमारे १३ सेंटिमीटर आणि पुढून मागे सुमारे ११. ६० अंश धरा. एलेव्हेशनमध्ये ११ साइन ६०, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर उंची दिसणार. प्लॅनमध्ये ११ कॉस ६०, म्हणजे फक्त साडेपाच. म्हणजे हे भोक वरून दिसतं त्यापेक्षा समोरून जास्त दिसतं! मी आजवर ते बादलीसारखं वर उघडणारं काढत होते. ताईने ग्रेच्या ॲनाटॉमीची जुनी आवृत्ती उघडून दाखवली. त्रिकास्थीचा वरचा काठ प्युबिसच्या वरच्या काठापेक्षा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच असतो, असं त्यात छापलेलं आहे. कॅलक्युलेटरवर आलेला आकडा शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकात भेटला की जो आनंद होतो, तो एम-थ्रीमध्ये कधी झाला नाही.

ग्रेचं नाव निघालंच आहे तर एक सांगते. १८५८ साली आलेल्या त्या पुस्तकातली चित्रं हेन्री ग्रेची नाहीत, हेन्री व्हॅनडाइक कार्टर नावाच्या डॉक्टरची आहेत. त्याने ती छपाईच्या लाकडी ठोकळ्यांवर, आरशातल्यासारखी उलटी काढली. म्हणजे त्याला जीटीचीही सोय नव्हती. पुस्तक बाजारात आलं त्याच वर्षी तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवू लागला आणि पुढे काही वर्षं चक्क साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. आमच्या साताऱ्याला! हे मी आजीला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "मग आता कुठं असतो?"

त्यानंतर ताईने आजीचा एक्स-रे खिडकीला लावला. चांगल्या बाजूला, मांडीच्या हाडाच्या मानेखालून निघून प्युबिसच्या खालच्या भोकाच्या वरच्या काठापर्यंत जाणारी एक कमान डोळ्यांना दिसते. शेंटन नावाच्या इंग्रज रेडिओलॉजिस्टच्या नावाने ती ओळखली जाते. माझ्या सॅकमध्ये फ्रेंच कर्व्ह होता, तो लावून पाहिला. उजव्या बाजूला एका फटक्यात बसला. डाव्या बाजूला कसाही फिरवला तरी बसेना. मध्येच पायरी. मोडलंय म्हणजे काय हे मला दवाखान्यात कळलं नव्हतं, ते त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने कळलं.

आता मापं. हॉस्टेलला परत आल्यावर आम्ही कॉरिडॉरच्या भिंतीला पाठ लावून एकमेकींच्या खुणा केल्या. तुम्हीही करा, फक्त भिंतीवर पेन्सिल वापरू नका, आम्हाला दंड झाला. माणसाच्या उंचीचा मध्य बेंबीपाशी येतो असं बहुतेकांना वाटतं. तो येतो प्युबिसच्या आसपास. लिओनार्दोच्या वर्तुळ-चौकोनातल्या प्रसिद्ध माणसातही चौकोनाचा मध्य तिथेच आहे, बेंबी वर्तुळाच्या मध्याला. पायांची उंची म्हणूनच आपण नेहमी कमी काढतो.

एकक म्हणून डोकं घ्या, हनुवटीपासून टाळूपर्यंत. माझं २१ सेंटिमीटर भरलं. कमरेच्या दोन कडांमधली सगळ्यात जास्त रुंदी २७ भरली, म्हणजे सव्वा डोक्यापेक्षा थोडी जास्त. कड म्हणजे कुठली, हे मराठीत विचारावं लागत नाही. बाळाला आपण जिच्यावर घेतो ती. इलियमची वरची कमान. 'कडेवर' या शब्दात एवढं ॲनाटॉमी आहे, हे मला विसाव्या वर्षी कळलं. हाडाची उंची, कडेपासून बैठकीच्या हाडापर्यंत, साधारण एक डोकं. बैठकीची हाडं कुठली, हे ड्रॉइंग हॉलच्या लाकडी स्टुलावर तीन तास बसलेल्यांना वेगळं सांगायला नको.

सगळ्यात मोठी चूक मात्र सांध्याची. मी पाय काढायचे ते कडेच्या बाहेरच्या कोपऱ्यातून, टेबलाला पाय लावावेत तसे. खरं तर वाट्या बऱ्याच आत असतात. मोठ्या माणसात दोन गोळ्यांच्या केंद्रांमधलं अंतर १७-१८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे एका डोक्याहूनही कमी. तिथून मान तिरकी बाहेर येते, आणि बाजूला हाताला लागतं ते टोक मांडीच्या हाडाचं असतं, पेल्व्हिसचं नव्हे. तिथून मग हाड गुडघ्याकडे आत वळतं. पाय आतून निघतो, बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. हे एकदा काढलं की टेबल जातं आणि माणूस उभा राहतो.

मुलांसाठी एक युक्ती. (मासिक सगळ्यांचं आहे.) समोरून पाहिलं की दोन प्युबिसच्या खाली एक कोन दिसतो. पहिलं आणि मधलं बोट फाकवा, तो पुरुषाचा कोन. अंगठा आणि पहिलं बोट ताणा, तो बाईचा. एवढ्यावरून नक्की सांगता येत नाही, अधलेमधलेही असतात. आणि हो, सिनेमाच्या पोस्टरमध्ये काढतात तशी बाईची कंबर हाडांनी दुप्पट रुंद वगैरे नसते. कडांची रुंदी दोघांत जवळपास सारखीच, खांदे लहान म्हणून ती मोठी दिसते.

चित्र काढायला घेताना मी आता हाडांचे सगळे खाचखळगे काढत नाही. बुटांचा रिकामा खोका पुढे कलवून ठेवते आणि त्याच्या जागी एक तिरका ठोकळा काढते. त्यावर समोरून तीन ठिपके, वरची दोन टोकं आणि खाली प्युबिस. उलटा त्रिकोण. मागून दुसरे तीन, पाठीच्या खालच्या दोन खळ्या आणि माकडहाड. हा त्रिकोण बराच लहान असतो. हे सहा ठिपके कातडीवरून सापडतात, त्यामुळे कपड्यांतूनही अंदाज येतो. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर पुढचे वरचे दोन ठिपके तिरके होतात, भाराच्या पायाकडचा वर. बाकी सगळं शरीर त्या तिरक्या रेषेची भरपाई करतं.

पण आजी उभी नव्हती, आणि तिथे माझं गाडं पुन्हा अडलं. हॉस्टेलमध्ये विळी मिळेना, म्हणून रूममेटला टी-स्क्वेअर पायाखाली देऊन जमिनीवर बसवलं. एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघा उभा, तो पाय टी-स्क्वेअरवर दाबलेला, आणि हातात मेसमधून आणलेली काकडी. शेजारी गुडघे टेकून तिच्या कमरेवरच्या टोकांवर बोटं ठेवली आणि तिला उठ-बस करायला लावली. बसताना परात मागे कलते! उभं असताना भिंतीला टेकणारी ती वरची टोकं मागे जातात, प्युबिस वर-पुढे येतं, कमरेमागचा बाक निघून जातो आणि पाठ गोल होते. जितकं खाली बसावं तितकं जास्त, कारण मांडी पोटाकडे यायला खुब्यात जागा संपते आणि उरलेलं वळण पाठीला घ्यावं लागतं. मी काय करत होते, तर उभ्या माणसाचं पेल्व्हिस घेऊन त्याला दुमडलेले पाय जोडत होते. म्हणून आजी ठेवल्यासारखी दिसायची. आणि डॉक्टरांच्या त्या कागदाचा अर्थही तेव्हाच लागला. खाली बसणं म्हणजे त्या नव्या गोळ्याला वाटीच्या काठाशी नेणं. काठावरून तो निसटू शकतो. आजीला कुणी हे सांगितलं नव्हतं, फक्त 'नाही, नाही, नाही' असं लिहून दिलं होतं.

दिवाळीत चित्र घेऊन घरी गेले. आजी खुर्चीवर बसून, मांडीवर पाट ठेवून, सुरीने गवार चिरत होती आणि सुरीला शिव्या देत होती. पुसलेल्या हातांनी तिने कागद लांब धरला. बराच वेळ काही बोलली नाही. मग मी तिला खोका कलवून वाटी आणि गोळा समजावून सांगितला, का बसायचं नाही तेही. ते तिने लक्ष देऊन ऐकलं. म्हणाली, "असं होय. मग तसं म्हणायचं की." आणि पुन्हा चित्राकडे बघून, "बसलीय खरी मी. पण पाय चुकलाय. विळीवर माझा डावा असायचा."

रूममेटने उजवा ठेवला होता. मला विचारायचं सुचलंच नाही.

पहिल्यांदा मनात आलं ते तुमच्याही मनात आलं असेल. शीट उलटी काचेवर ठेवायची आणि जीटी मारायची. डावा पाय आपोआप विळीवर. पण मग गवारही डाव्या हातात येते, आणि डोक्यावरचा पदर दुसऱ्या खांद्यावर. आजी ते एका नजरेत पकडेल. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून, डाव्या पायाने. रूममेटच्या ओरल्स आहेत आणि ती टी-स्क्वेअरवर बसायला आता तयार नाही. तासभर जमिनीवर बसू शकेल अशी कुणी इच्छुक असेल तर मुलींच्या हॉस्टेलला दुसऱ्या मजल्यावर येऊन भेटावं. चहा आणि काकडी मिळेल.